स्थलस्मृतीचे ऋण : गणेशपुरी परिसराच्या निमित्ताने

१

गावाचा इतिहास जतन करावा, हे विधान आज इतके सर्वमान्य झाले आहे की त्यात काही नैतिक प्रश्न दडलेला असेल अशी शंकाही सहसा कोणाला येत नाही. जुने ते जपावे, वडीलधाऱ्यांच्या आठवणी टिपून घ्याव्यात, नदी-डोंगरांची, शेतांची आणि पाड्यांची नावे नोंदवून ठेवावीत, यात वादाचे काय आहे? परंतु ‘जतन करणे’ ही क्रिया सकर्मक आहे. तिला कर्ता लागतो, कर्म लागते आणि बहुधा एक संप्रदानही लागते. कोणी जतन करावयाचे, कोणाची स्मृती जतन करावयाची आणि ती कोणासाठी, हे तीन प्रश्न या एका क्रियापदात अनुस्यूत आहेत. त्यांची उत्तरे गृहीत धरली जातात म्हणूनच ती तपासावयास हवीत. लोकसाहित्याच्या अभ्यासात संकलनाच्या पद्धतीची चर्चा आपल्याकडे बरीच झाली आहे. संकलनाच्या नीतीची चर्चा मात्र तुलनेने कमी झाली आहे.

हा प्रश्न अमूर्त पातळीवर हाताळण्यापेक्षा एका भूप्रदेशाच्या आधाराने हाताळणे इष्ट ठरेल. ठाणे जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यातील, तानसा नदीकाठचे गणेशपुरी आणि त्याच्या लगतचा वज्रेश्वरी-अकलोलीचा परिसर त्या दृष्टीने बोलका आहे. येथे जमिनीतून गरम पाणी वर येते. त्या पाण्याविषयी किमान तीन कथने प्रचलित आहेत. स्थलपुराणाच्या कथनानुसार वज्रेश्वरी देवीने राक्षसांचा वध केला आणि त्यांचे रक्त या कुंडांच्या रूपाने उष्ण राहिले. भूशास्त्राच्या कथनानुसार पावसाचे पाणी बेसाल्टच्या भेगांतून खोलवर झिरपते, तेथील उष्णतेने तापते आणि पुन्हा पृष्ठभागावर येते. पालघर जिल्ह्यापासून राजापूरपर्यंत किनाऱ्याला साधारण समांतर पसरलेल्या झऱ्यांच्या मालिकेतील हे काही झरे होत, आणि कोणत्याही जिवंत ज्वालामुखीशी त्यांचा संबंध नाही. तिसरे कथन प्रशासकीय आहे. १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरने ‘वज्राबाई’च्या या कुंडांची नोंद एक जिल्हास्थळ म्हणून केली.

या तिन्ही कथनांत परस्परविरोध आहे, हे उघड आहे. परंतु त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, या तिन्हींत एक समान अनुपस्थिती आहे. या पाण्याशी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली माणसे तिन्ही कथनांत नाहीत. पुराणात देवी आणि राक्षस आहेत, भूशास्त्रात खडक आहे, गॅझेटियरमध्ये वर्णन करणारा अधिकारी आहे. नदीपात्रातल्या उन्हाळ्यात दुखरे अंग शेकणारा कातकरी, त्या काठाने मोळी घेऊन बाजाराला जाणारी वारली बाई, कुंडाच्या वरच्या अंगाला वरकस जमिनीत नागली करणारा कुणबी यांच्या दृष्टीने हे पाणी काय होते, हे या तिन्हींपैकी एकही कथन सांगत नाही. जतनाचा प्रश्न खऱ्या अर्थाने येथे सुरू होतो.

२

सामूहिक स्मृतीच्या संकल्पनेला शास्त्रीय रूप देणारे मॉरिस हाल्बवाक्स यांनी १९२५ साली असे प्रतिपादन केले की व्यक्तीची स्मृतीदेखील समाजाने पुरविलेल्या चौकटीतच आकार घेते. माणूस एकटा आठवत नाही. तो कोणत्या तरी गटाचा सदस्य म्हणून आठवतो. पुढे पिएर नोरा यांनी १९८४ ते १९९२ या काळात प्रसिद्ध झालेल्या आपल्या बृहत्‌ प्रकल्पात ‘स्मृतिस्थळां’ची कल्पना मांडली. जिवंत स्मृतीचे परिसर नष्ट झाले म्हणून स्मृतीची स्थळे उभारावी लागतात, असा त्यांचा विषादपूर्ण सिद्धान्त होता. शेतकरी समाजाच्या अस्ताबरोबर स्मृतीची एक संपूर्ण पद्धती अस्तंगत झाली, असे फ्रान्सविषयी म्हणता आले.

मराठी प्रदेशाला हा सिद्धान्त जसाच्या तसा लावता येत नाही. गणेशपुरीसारख्या परिसरात स्मृती मेलेली नाही. ती विषम रीतीने जिवंत आहे. काही स्मृतींना देऊळ आहे, जत्रा आहे, पुस्तके आहेत, इतर भाषांतली भाषांतरे आहेत. काही स्मृतींना एखाद्या वृद्धेच्या बोलण्याखेरीज दुसरा आश्रय नाही. येथील समस्या विस्मृतीची नाही, स्मृतींमधील उतरंडीची आहे. हाल्बवाक्स यांच्या परिभाषेत सांगावयाचे तर चौकटी अनेक आहेत, परंतु काही चौकटी दगडी आहेत आणि काही कुडाच्या.

ही उतरंड कशी घडते ते या परिसरातच पाहता येते. वज्रेश्वरीचे मूळ स्थान गुंज येथे होते आणि पोर्तुगीज अमदानीतील उपद्रवामुळे देवी वडवली येथे आली, असे परंपरा सांगते. वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी देवीला नवस केला, १७३९ साली वसई जिंकली गेली आणि त्यानंतर किल्ल्यासारख्या बांधणीचे देऊळ उभे राहिले, हा इतिहास सर्वश्रुत आहे. म्हणजे स्थलांतरित देवीला राजसत्तेच्या विजयाची स्मृती जोडली गेली आणि त्या स्मृतीला दगडाचे शरीर मिळाले. देवी येथे येण्यापूर्वी वडवलीच्या त्या टेकडीला लोक काय म्हणत असत, हा प्रश्न त्या शरीराखाली बुजून गेला.

गणेशपुरीचे उदाहरण याहून अलीकडचे आहे. वसिष्ठांनी येथे यज्ञ करून गणेशाची स्थापना केली म्हणून हे गणेशपुरी, अशी नामव्युत्पत्ती सांगितली जाते. १९३६ साली केरळातून आलेले भगवान नित्यानंद येथील भीमेश्वराच्या देवळाजवळ स्थिरावले, तेव्हा हा भाग प्रामुख्याने रानाचा होता. ८ ऑगस्ट १९६१ रोजी त्यांनी देह ठेवला. दरम्यान १९५६ साली त्यांचे शिष्य मुक्तानंद यांचा आश्रम जवळच सुरू झाला आणि १९७० नंतरच्या दशकात गणेशपुरी हे नाव समुद्रापलीकडे पोहोचले. आज गणेशपुरीविषयी जे लिहिले-वाचले जाते त्याचा फार मोठा भाग या पंचवीस वर्षांविषयी आणि त्यांतून निर्माण झालेल्या परंपरांविषयी आहे. भक्तांनी आपल्या गुरूच्या आठवणी निष्ठेने जपल्या, यात गैर काही नाही. स्मृती जपण्याची ती अत्यंत समर्थ रीत आहे. लक्षात घ्यावयाचे ते इतकेच की, त्या आठवणींत गाव बहुधा पार्श्वभूमी म्हणून येते. रान होते, साप होते, वस्ती तुरळक होती, असे सांगितले जाते. जे रान भक्तासाठी गुरूच्या आगमनापूर्वीची रिक्त जागा असते, ते कोणासाठी तरी नावानिशी ओळखीचे, वाटावाटांनी भरलेले घर असते. ‘येथे पूर्वी काही नव्हते’ हे वाक्य वरवर निरुपद्रवी वाटते. प्रत्यक्षात स्मृतीच्या व्यवहारातील सर्वांत मोठी बेदखली याच वाक्याने होते.

येथे आणखी एक गुंतागुंत आहे. गणेशपुरीची सर्वाधिक प्रसिद्ध स्मृती ज्या व्यक्तीची आहे ती स्वतः बाहेरून आलेली होती. देवीही गुंजहून आली. तेव्हा ‘स्थानिक’ म्हणजे ‘मूळचे’ असे समीकरण मांडणे धोक्याचे आहे. मूळ निवासाच्या कसोटीवर स्मृतीचा हक्क ठरवू लागलो तर त्या कसोटीचा उपयोग उद्या वीटभट्टीवर किंवा मागावर कामाला आलेल्या परप्रांतीय मजुराविरुद्धही होईल, आणि भिवंडी तालुक्याचा आधुनिक इतिहास तर अशा स्थलांतरितांशिवाय सांगताच येणार नाही. म्हणून निकष मूळचेपणाचा असू शकत नाही. तो संबंधाचा असावयास हवा : कोणी या भूमीशी श्रमाने, राहण्याने, सोसण्याने नाते जोडले, हा.

३

संबंधाचा निकष मान्य केला की स्मृतीचे जे थर वर येतात ते सुखद नसतात. ठाणे जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यात ‘लग्नगडी’ हा शब्द होता. लग्नाच्या खर्चासाठी सावकाराकडून किंवा जमीनमालकाकडून कर्ज घ्यावयाचे आणि त्याच्या फेडीसाठी नवऱ्याने, पुष्कळदा बायकोनेही, वर्षानुवर्षे त्याच्याकडे राबावयाचे, अशी ही रीत. १९४५ नंतरच्या वारली उठावाने या वेठीला पहिले मोठे आव्हान दिले. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकाने ती हकिगत मराठी वाचकापर्यंत आणली. परंतु उठावाने वेठ सर्वत्र संपली नाही. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६ साली झाला, आणि त्यानंतरही गणेशपुरीपासून जवळच, वसई तालुक्यातील उसगाव येथे केंद्र असलेल्या श्रमजीवी संघटनेला १९८२ पासून वेठबिगारांच्या मुक्तीसाठी लढावे लागले.

ही स्मृती जतन करावी काय? प्रश्न विचारताच उत्तर ‘होय’ असे येते, आणि ते योग्यही आहे. परंतु त्यातील अडचण लगेच समोर येते. ज्याचे आजोबा लग्नगडी होते तो आज शिक्षक असेल, ग्रामपंचायतीचा सदस्य असेल. आपल्या घराण्याचे नाव त्या शब्दासह छापले जावे असे त्याला वाटेलच असे नाही. दुसरीकडे, अपमानितांची नावे वगळावीत तर इतिहासाची जुनीच विषमता नव्याने प्रस्थापित होते : देवळे बांधणाऱ्यांना नावे, राबणाऱ्यांना केवळ ‘लोक’ ही संज्ञा. मराठी लोकसाहित्याच्या संकलनात हे दीर्घकाळ घडले. जात्यावरच्या हजारो ओव्या छापल्या गेल्या, त्या रचणाऱ्या वा गाणाऱ्या बायकांची नावे मात्र छापली गेली नाहीत. ‘लोक’ निनावी असतात हे जणू शास्त्रीय तत्त्वच मानले गेले. गी पॉइटव्हॅं आणि हेमा राईरकर यांनी १९८० नंतरच्या दशकांत उभारलेल्या ओव्यांच्या संग्रहाने हा प्रघात मोडला. एक लाखाहून अधिक ओव्यांच्या त्या संग्रहात ओवीबरोबर गाणारीचे नाव आणि गाव नोंदले गेले. निनावीपणा हा लोकसाहित्याचा गुणधर्म नसून संकलकाच्या दृष्टीचा दोष होता, हे त्यातून सिद्ध झाले.

मग ओवी गाणारीचे नाव नोंदविणे हे कर्तव्य आणि लग्नगड्याचे नाव झाकणे हेही कर्तव्य, असे कसे म्हणता येईल? वरवर विसंगत दिसणाऱ्या या दोन विधानांमागील तत्त्व एकच आहे. ओवी ही त्या बाईची कृती आहे. वेठ ही त्या माणसावर लादलेली अवस्था आहे. कर्त्याचे नाव कर्त्याला देणे हा न्याय आहे. सोसणाऱ्याचे नाव उच्चारावयाचे की नाही, हे ठरविण्याचा अधिकार मात्र प्रथम त्याचा आणि नंतर त्याच्या घराचा आहे. वेठीची घटना, तिची पद्धत, तिचा काळ आणि तिचा हिशेब या गोष्टी साऱ्या समाजाच्या आहेत. त्या नोंदविणे हे समाजाचे कर्तव्य आहे. नाव ही त्या घटनेची खासगी बाजू आहे. शिवाय नाव झाकल्याने मालकवर्गालाही आडोसा मिळतो, हा आक्षेप टाळता येणार नाही. त्याला एवढेच उत्तर देता येईल की, सोसणाऱ्याला मौनाचा जो हक्क आहे तो सोसावयास लावणाऱ्याला नाही. हे दोन मौन सारखे नव्हेत, आणि त्यांना समान मानणारी तटस्थता ही तटस्थता नव्हे.

४

स्थलस्मृती लिहिण्याच्या ज्या पद्धती मराठीत उपलब्ध आहेत त्यांचा विचार येथे उपयुक्त ठरतो. कारण वाङ्मयप्रकार ही केवळ रूपाची बाब नसते, प्रत्येक प्रकारात एक नीती गृहीत असते. स्थलपुराण स्थळाला पवित्र करते आणि त्यासाठी त्याचा काळ पुसून टाकते. गॅझेटियर स्थळाला मोजते, वर्गीकृत करते आणि त्यासाठी तेथील माणसाला ‘जात’ आणि ‘व्यवसाय’ या रकान्यांत बसविते. बखर हक्क सांगते. उत्तर कोकणाविषयीची ‘महिकावतीची बखर’, जी वि. का. राजवाडे यांनी १९२४ साली संपादून प्रसिद्ध केली, ती या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. तिच्यातील केशवाचार्यांचा भाग १४४८ सालचा मानला जातो. कुळे, गोत्रे आणि वृत्ती यांची तीत येणारी नोंद केवळ जिज्ञासेपोटी झालेली नाही. विस्कटलेल्या समाजात कोणाचे काय आहे हे सांगण्याची ती खटपट आहे. स्मृती आणि हक्क यांचे नाते या भूप्रदेशात सुमारे सहा शतके जुने आहे.

परंतु जतनाच्या नीतीच्या दृष्टीने सर्वांत अर्थपूर्ण परंपरा महानुभावांची आहे. ‘लीळाचरित्र’ सिद्ध करताना म्हाइंभटांनी चक्रधरांच्या सहवासातील व्यक्तींना विचारून आठवणी गोळा केल्या. पुढे धामधुमीत मूळ पोथी गेली आणि ती निरनिराळ्या अनुयायांच्या स्मरणातून पुन्हा उभी करावी लागली, असे परंपरा सांगते. यातून जी संहिता आली तीत पाठभेद दडपलेले नाहीत. एखाद्याला प्रसंग वेगळा आठवत असेल तर त्याची ‘वासना’ म्हणून ती आठवण त्याच्या नावासह नोंदली गेली. मराठी गद्याच्या अगदी आरंभीच स्मृतीची अनेकता हा दोष न मानता तिला संहितेत जागा देणारी ही पद्धत सिद्ध झाली होती. तिच्या जोडीला ‘स्थानपोथी’ आहे. चक्रधरांच्या वास्तव्याने पुनीत झालेली स्थाने गावोगाव कोठे आहेत, कोणत्या देवळाच्या कोणत्या बाजूला आहेत, हे ती सांगते. या ग्रंथाचा संबोध्य वाचक बसून वाचणारा नाही. तो चालत जाणारा आहे. नोंद स्थळाची जागा घेत नाही, ती स्थळाकडे पाठविते.

स्थानपोथीचे आदर्शीकरण करण्याचे कारण नाही. तिलाही एकाच पुरुषाच्या संबंधाने पवित्र झालेली स्थानेच दिसतात. त्या स्थानांवर राबणारे तिच्याही कक्षेबाहेर आहेत. परंतु तिची आणि ‘लीळाचरित्रा’ची पद्धत मात्र ग्राह्य आहे : स्मरण करणाऱ्याचे नाव, भिन्न आठवणींना समान प्रतिष्ठा आणि स्थळाकडे परतीची वाट. ही तत्त्वे गणेशपुरीच्या परिसराला लावली तर काय होईल? गरम पाण्याच्या तीन कथनांना चौथे, पाचवे, सहावे कथन जोडले जाईल. त्यांतील कोणतेही अंतिम ठरविण्याची घाई केली जाणार नाही. आणि ज्याने सांगितले त्याच्या संमतीने त्याचे नाव राहील. भूशास्त्र त्यामुळे खोटे ठरत नाही. पाणी का तापते या प्रश्नाचे उत्तर भूशास्त्रच देईल. त्या पाण्याजवळ कोण कसे जगले, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर एकवचनी असू शकत नाही.

भाषेचा मुद्दाही येथे गौण नाही. कातकरी वा वारली बोलीत सांगितलेली आठवण प्रमाण मराठीत उतरली की तिचे पहिले भाषांतर होते, आणि हे भाषांतर आहे हे सांगण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. २०१३ साली भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्राविषयीचा खंड प्रसिद्ध झाला आणि या बोलींना भाषा म्हणून नोंदले जाण्याची प्रतिष्ठा मिळाली. परंतु स्थळनामे अजूनही सातबाऱ्यावर गट क्रमांकांच्या रूपाने, किंवा कारकुनाच्या कानाला जशी लागली तशी नांदत आहेत. कीथ बासो यांनी पश्चिम अपाची समाजाच्या स्थळनामांचा १९९६ साली प्रसिद्ध झालेला जो अभ्यास केला, त्यात स्थळाचे नाव हेच एक नीतिकथन असते आणि नुसते नाव उच्चारून वडीलधारे तरुणाला त्याची चूक दाखवितात, असे दिसून आले. वाघदेवाचा दगड, एखाद्या डोहाचे नाव, राब भाजण्याची ठरलेली जागा यांत आपल्याकडेही असे ज्ञान साठलेले असते. नाव गेले की केवळ शब्द जात नाही. कोठे लाकूड तोडू नये, कोठे पावसाळ्यात उतरू नये, कोणाशी कसे वागू नये, हे सांगण्याची एक रीत जाते.

५

या विवेचनावर तीन आक्षेप संभवतात. पहिला प्राचीन आहे. प्लेटोच्या ‘फीड्रस’मध्ये इजिप्तच्या राजाच्या मुखाने अशी शंका घेतली आहे की, लेखनाने स्मृती वाढणार नाही, उलट विस्मरणाची सोय होईल. जतनाच्या आजच्या उपक्रमांना ही शंका अचूक लागू पडते. २००२ च्या जैवविविधता कायद्यान्वये स्थानिक संस्थांनी लोकजैवविविधता नोंदवही करावयाची असते. ती झाली की काम झाले, असे मानले जाण्याचा धोका आहे. विद्यापीठीय प्रबंधांची स्थिती वेगळी नाही. परिशिष्टात निवेदकांची यादी असते, संहिता असते. प्रबंधाची प्रत विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाते आणि ज्या पाड्यावर तो घडला तेथे ती कधीच पोहोचत नाही. लेखन स्मृती मारते, हे म्हणणे पूर्ण खरे नाही. परतीची वाट नसलेले लेखन मात्र तिला निश्चितच परकी करते.

दुसरा आक्षेप अधिकाराचा आहे. बाहेरच्या अभ्यासकाला स्मरणाचे कर्तव्य मुळात का असावे? अविशाय मार्गालिट यांनी २००२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात असे म्हटले आहे की स्मरणाचे ऋण घट्ट नात्यांत उद्भवते : कुटुंब, मित्र, समूह. केवळ मनुष्य म्हणून जोडलेल्यांशी असलेल्या विरळ नात्यात ते सामान्यतः उद्भवत नाही. हे मान्य केले तर अभ्यासक मोकळा होतो. परंतु या मांडणीत एक गोष्ट निसटते. ऐकणे ही नाते निर्माण करणारी कृती आहे. वृद्धेने आपल्या नवऱ्याच्या वेठीची हकिगत सांगितली आणि अभ्यासकाने ती टिपून घेतली, त्या क्षणी ते नाते विरळ राहिले नाही. तिने विश्वास दिला, त्याने तो स्वीकारला. सामग्री गोळा करणे या शब्दप्रयोगाआड हा व्यवहार झाकला जातो. प्रत्यक्षात तेथे एक ठेव ठेवली गेलेली असते, आणि ठेव ही ठेवणाऱ्याची असते, ती सांभाळणाऱ्याची नव्हे, हे तर व्यवहारातही मान्य आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत कठीण आहे, कारण तो स्मृतीच्या अनेकतेविषयीच्या वरील भूमिकेलाच छेद देतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींवर आणि अन्य पारंपरिक वननिवासींवर झालेल्या ऐतिहासिक अन्यायाची कबुली दिली. त्याच्या २००८ च्या नियमांनी दावा सिद्ध करण्यासाठी जे पुरावे ग्राह्य धरले, त्यांत दावेदाराव्यतिरिक्त अन्य वडीलधाऱ्यांचे लेखी नोंदविलेले निवेदनही आहे. विहिरी, दफनभूमी, पवित्र स्थाने यांसारख्या खुणाही ग्राह्य आहेत. म्हणजे आजीची आठवण आता फक्त लोकसाहित्य राहिलेली नाही. ती जमिनीच्या हक्काचा पुरावा झाली आहे. ठाणे-पालघरच्या पट्ट्यात एकोणिसाव्या शतकात रान राखीव झाले तेव्हापासून जो संघर्ष चालत आला, त्यात लिखित कागद नेहमी एकाच बाजूला होता. आता बोलणे प्रथमच कागदाच्या बरोबरीने उभे राहू शकते. अशा वेळी अभ्यासकाने तीन वृद्धांच्या तीन परस्परभिन्न ‘वासना’ निष्ठेने छापल्या आणि त्या विसंगतीचा आधार घेऊन दावा फेटाळला गेला, तर त्याच्या वाङ्मयीन प्रामाणिकपणाची किंमत कोणी मोजली?

याला सोपे उत्तर नाही. दाव्याच्या सोयीसाठी आठवण एकसुरी करून घ्यावी, असे म्हणणे म्हणजे अभ्यासकाने पुरावा घडविण्यास मान्यता देणे होय. आणि घडविलेला पुरावा उघडा पडला की खऱ्या आठवणींवरचाही विश्वास उडतो. उलट, सत्य सर्वोपरी म्हणून परिणामांकडे पाठ फिरविणे हे सत्यनिष्ठेचे नव्हे, सुरक्षित अंतराचे लक्षण आहे. दोन गोष्टींत भेद करणे मात्र शक्य आहे. साक्ष आणि कथा या स्मृतीच्या दोन वेगळ्या क्रिया आहेत. साक्ष एका प्रश्नाला उत्तर देते : अमुक कुटुंब अमुक जागी अमुक पिढीपासून कसत होते काय? कथेला असा बाहेरून आलेला प्रश्न नसतो. ती आपला प्रश्न आपणच निवडते. वाघदेवाचा दगड कोणी बसविला याविषयी तीन कथा असतील, परंतु तो दगड तेथे आहे आणि पाडा त्याला दरवर्षी पुजतो, याविषयी तिघांची साक्ष एकच असू शकते. ज्या आठवणी एकमेकींशी जुळत नाहीत त्यांच्याखाली जे जुळते ते वेचून दाखविणे, हे पाठचिकित्सेचेच काम आहे. पाठभेद जपूनही संहितेविषयी निश्चित विधान करता येते, हे मराठीच्या अभ्यासकाला निराळे शिकविण्याची गरज नाही. त्याने आपले शास्त्र पोथीपुरते राखून ठेवले आहे, इतकेच.

शिवाय क्रमाचा प्रश्न आहे. निवेदन प्रथम कोठे जावे? ते प्रथम ग्रामसभेसमोर वाचले गेले, तेथे दुरुस्त झाले, तेथे त्यातील काही भाग प्रसिद्ध न करण्याचे ठरले, आणि मग नियतकालिकाकडे आले, तर वरील धोका पुष्कळ अंशी टळतो. प्रकाशनाला विलंब होईल. पदोन्नतीच्या गणितात तो बसणार नाही. परंतु ज्या आठवणीवर कोणाची दोन एकर वरकस अवलंबून आहे, तिच्यावर अभ्यासकाच्या शोधनिबंधाचा हक्क दुय्यमच ठरावयास हवा.

६

गणेशपुरीच्या भोवतालचा प्रदेश वेगाने बदलत आहे. वरच्या अंगाला, शहापूर तालुक्यात, १८९२ साली पूर्ण झालेल्या धरणापासून तानसेचे पाणी मुंबईची तहान भागवीत आले आहे. नदीकाठच्या गावांच्या वाट्याला नदीचे नाव आणि उरलेले पात्र आले. भिवंडी तालुक्यात मागांच्या पाठोपाठ गोदामे आली. जून २०२५ मध्ये पूर्ण झालेला नागपूरचा समृद्धी महामार्ग याच तालुक्यातील आमणे येथे येऊन थांबतो. खाचरांवर भराव पडतो तेव्हा बांधाचे नाव प्रथम जाते, मग त्या नावाची आठवण असणारा माणूस. या घाईत जतनाचा आग्रह वाढणे स्वाभाविक आहे, आणि त्याला विरोध करण्याचे कारण नाही. परंतु घाईने केलेले जतन बहुधा ज्या स्मृती आधीच सुरक्षित आहेत त्यांचेच होते. देवळाची, गुरूची, विजयाची. कुडाच्या चौकटीतल्या स्मृती पुन्हा बाहेर राहतात, आणि या वेळी त्या ‘नोंद झाली’ या समाधानासह बाहेर राहतात.

म्हणून जतन या संकल्पनेच्या जागी ऋण ही संकल्पना ठेवून पाहणे उचित ठरेल. जतन करणारा मालक असू शकतो, रखवालदार असू शकतो, उपकारकर्ताही असू शकतो. ऋणको यांपैकी काहीच असू शकत नाही. त्याला हिशेब द्यावा लागतो आणि तो ज्याचा आहे त्यालाच द्यावा लागतो. हा हिशेब कोणत्या भाषेत द्यावयाचा, हा मात्र अद्याप न सुटलेला प्रश्न आहे. पाड्यावरची पुढची पिढी शाळेत प्रमाण मराठी शिकते आणि आजीची बोली हळूहळू परकी होते. तिच्याच घरातील आठवण तिला उद्या छापील मराठीत वाचावी लागेल, किंवा आजीच्या आवाजात ऐकूनही पुरती कळणार नाही. या दोहोंमधील वाट काढण्याचे काम मराठीच्या विभागांचे आहे. कारण ज्या भाषेत आठवण उतरवून घेतली जाते आणि ज्या भाषेमुळे ती मागे पडते, ती भाषा एकच आहे.